डेड स्टॉकमधलं टपालखातं

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नियमित देखभाल थांबवली आणि कार्यालयांमधल्या असंख्य धडधाकट संगणकांवर निवृत्तीची वेळ आली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. 2013 ते 2017 च्या दरम्यान घेतलेली बहुतेक यंत्रं या अटीत बसत नाहीत. त्यांत बिघाड काहीच नाही. टायपिंग, हिशेब, छपाई सगळं सुरळीत चाललेलं असतं. पण डेड स्टॉक रजिस्टरात त्यांच्या नावापुढे निर्लेखनाचा शेरा पडतो आणि ती लॉटने विकली जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या गावी जुन्या संगणकांच्या दुकानात हा माल एकावर एक रचलेला दिसतो.

त्यातलं एक यंत्र उचलून त्यावर मेलिंग लिस्टचा सर्व्हर चालवायचा, हा या प्रकरणाचा विषय. यंत्राची ताकद पुरेल का, हा प्रश्न सगळे आधी विचारतात, आणि तोच सगळ्यात सोपा आहे. ताकद पुरते. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

मेलिंग लिस्ट म्हणजे एक सामाईक ईमेल पत्ता. त्यावर एका सभासदाने लिहिलं की ते पत्र सर्वांना पोचतं आणि उत्तर दिलं की तेही सर्वांना. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात हेच होतं, मग ही उठाठेव कशाला? लांब मजकूर, शोधता येणारं जुनं दप्तर आणि फोन नंबर न देता मिळणारं सभासदत्व, या तीन गोष्टी हव्या असतील तर यादीला अजून तोड नाही. लिनक्सच्या कर्नेलवर काम करणारे जगभरचे प्रोग्रामर आजही आपले बदल मेलिंग लिस्टवरच मांडतात आणि तिथेच त्यांवर भांडतात.

आता कामाचा अंदाज घेऊ. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या 600 माजी विद्यार्थ्यांची यादी आहे आणि तिच्यावर दिवसाला 20 पत्रं येतात. म्हणजे 12,000 प्रती बाहेर पाठवायच्या. दिवसाचे सेकंद 86,400. तेव्हा सात सेकंदांना एक प्रत. पत्र सरासरी 30 किलोबाइटचं धरलं तर दिवसभरात 360 मेगाबाइट. प्रत काढण्यात गणित असं काही नाही, मजकूर उचलायचा आणि पुढे द्यायचा. दहा वर्षांपूर्वीचा आय-थ्री प्रोसेसर या कामात बहुतांश वेळ नुसता बसून असतो.

हेच काम एके काळी किती जड होतं ते पाहण्यासारखं आहे. 1981 मध्ये न्यूयॉर्कचं सिटी विद्यापीठ आणि येल विद्यापीठ यांना जोडून बिटनेट नावाचं जाळं सुरू झालं. भाड्याच्या टेलिफोन लाइनी, वेग सेकंदाला 9600 बिट. या वेगाने 30 किलोबाइटचं एक पत्र जायला 25 सेकंद लागतात. 600 प्रती पाठवायच्या तर चार तासांहून जास्त, आणि तेवढा वेळ बाकी सगळी वाहतूक खोळंबलेली. शिवाय यादीत नाव घालायचं किंवा काढायचं तर ते काम माणूस करत असे. 1986 मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेत शिकणाऱ्या एरिक थॉमसने लिस्टसर्व्ह हा प्रोग्राम लिहिला आणि ही नोंदणी यंत्राच्या हाती दिली. पण त्याची खरी हुशारी वाटपाच्या पद्धतीत होती. अमेरिकेतले दोनशे सभासद असतील तर समुद्रापलीकडे दोनशे प्रती पाठवायच्याच नाहीत. एकच प्रत, सोबत दोनशे नावं. पलीकडचा लिस्टसर्व्ह ती पुढे वाटेल. तेव्हा महाग होती ती लाइन, आणि सगळी अक्कल ती वाचवण्यात खर्च होत होती. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून, श्रीनिवासन रमणी तिथे प्रमुख असताना, 1989 च्या सुमारास अमेरिकेकडे जी लाइन गेली तिचा वेगही 9600 च होता. देशभरातल्या शिक्षणसंस्थांचं परदेशी टपाल त्या एका लाइनीतून जाई.

लाइन आता स्वस्त झाली. दोन यंत्रांमधलं टपालाचं संभाषण मात्र जवळजवळ तेच राहिलं. जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये त्याचे नियम लिहून काढले, त्याला एसएमटीपी म्हणतात. ते एकदा नीट ऐकलं की पुढचं बरंच सोपं होतं. पाठवणारं यंत्र समोरच्याच्या 25 क्रमांकाच्या पोर्टवर जातं. समोरचं म्हणतं, ‘220’, म्हणजे बोला. हे आपलं नाव सांगतं. ‘250’, ठीक. मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून परतीचा पत्ता देतं. ‘250’. मग ‘आरसीपीटी टू’ म्हणून ज्याला द्यायचं त्याचा पत्ता. इथे ‘250’ आलं तर पुढे जायचं. ‘550’ आलं तर असा माणूस इथे राहत नाही. ‘450’ आलं तर आत्ता नाही, नंतर या. मग ‘डेटा’. समोरचं ‘354’ म्हणतं आणि पत्र ओळीमागून ओळ जाऊ लागतं. शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब. त्या टिंबानंतर समोरून जो ‘250’ येतो, तो या सगळ्या व्यवहारातला कळीचा. त्याचा अर्थ: पत्राची जबाबदारी आता माझी, तुमची प्रत तुम्ही टाकून दिलीत तरी चालेल.

विट्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधनशाळेत असताना लिहिलेला आणि 1998 मध्ये बाहेर आलेला पोस्टफिक्स हा सर्व्हर हे शेवटचं ‘250’ उच्चारण्याआधी पत्र डिस्कवर पक्कं उतरवतो. पुढच्या क्षणी वीज गेली तरी पत्र रांगेत आहे. म्हणून जुन्या यंत्रावर टपालखातं मांडताना प्रोसेसरचा विचार शेवटी करावा आणि डिस्कचा आधी.

यंत्र निवडताना फुकटाच्या मोहात पडू नये. 2004 सालचा पेंटियम 4 कुणीही हौसेने देऊन टाकेल, पण तो नुसता चालू ठेवला तरी 80-90 वॉट खातो. महिन्याला साठ-पासष्ट युनिट. 2015 च्या आसपासचा लहान पेटीतला कार्यालयीन डेस्कटॉप स्वस्थ असताना 20 वॉटच्या आगेमागे राहतो, म्हणजे महिन्याला चौदा-पंधरा युनिट. वर्षाचा फरक सहाशे युनिटच्या घरात जातो आणि ‘फुकट’ यंत्र विजेच्या बिलातून आपली किंमत वसूल करतं. शिवाय 32 बिटच्या यंत्रांची वाट आता बंद होत चालली आहे; ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही. जुना लॅपटॉप घ्यावा असंही काही जण सुचवतात, त्यात बॅटरी आयतीच असते म्हणून. वर्षानुवर्षं चार्जरला लावून ठेवलेली लॅपटॉपची बॅटरी फुगते. सुचवणारे ते सांगत नाहीत.

शक्य असेल तर एकाच मॉडेलची दोन यंत्रं घ्यावीत. लॉटमध्ये ती सहज मिळतात. घरी आणल्यावर आधी झाकण उघडायचं. धूळ उघड्यावर, ब्लोअरने काढायची आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर वाऱ्याने ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावायची. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत ना, ते बघायचं. 2000 च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अनेक बोर्डांवर ती फुगून फुटायची. रॅमची चाचणी रात्रभर लावून ठेवायची. सकाळी एकही चूक दिसली तरी ती पट्टी बाद.

डिस्कच्या बाबतीत स्मार्ट नावाची नोंदवही डिस्क स्वतःच ठेवत असते. तिच्यात ढीगभर आकडे असतात, बघायचे तीन: किती तास चालली, खराब निघाले म्हणून किती सेक्टर बदलले आणि किती सेक्टर बदलायच्या वाटेवर आहेत. शेवटचे दोन शून्य हवेत. तास कितीही असोत, मी जुन्या फिरत्या डिस्कवर रांग ठेवायला तयार होणार नाही. सगळ्या उद्योगात नवी घ्यायची वस्तू एकच, ती म्हणजे लहानशी एसएसडी. आणि यंत्रासोबत आलेली डिस्क काढल्यावर तिच्यात काय आहे हे कुतूहलापोटीही बघायचं नाही. ती कुणाच्या कर्जाच्या फायलींची असेल, कुणाच्या तपासण्यांच्या अहवालांची असेल. पुसण्याचा प्रोग्राम लावायचा आणि पूर्ण पुसून टाकायची.

मग बायोस. इथे तीन किरकोळ गोष्टी आहेत आणि तिन्ही नडतात. पहिली, बोर्डावरचा सीआर 2032 सेल. तो संपला असला की वीज जाताच यंत्राचं घड्याळ मागच्या दशकात जातं. मग सुरक्षा प्रमाणपत्रं ‘अजून लागू झालेली नाहीत’ असं म्हणत जोडण्या नाकारल्या जातात आणि तुम्ही नेटवर्कमध्ये दोष शोधत बसता. दुसरी, वीज परत आल्यावर यंत्र आपण होऊन सुरू व्हावं ही सेटिंग; कार्यालयीन यंत्रांत ती बहुधा बंद असते. तिसरी तर विनोदीच. कीबोर्ड काढून यंत्र कोपऱ्यात ठेवलं की पुढच्या वेळी सुरू होताना ते अडून बसतं आणि पडद्यावर लिहितं: कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ 1 दाबा. हा संदेश वाचायला पडदा नाही आणि दाबायला कीबोर्ड नाही. त्या चुकीवर थांबू नकोस, असं बायोसला आधीच सांगून ठेवावं लागतं. यूपीएसला यंत्रासोबत राउटरही जोडायचा. गंमत म्हणजे हे बरेच जण विसरतात आणि दिवे गेल्यावर सर्व्हर जगाशी संबंध तुटलेल्या अवस्थेत ऐटीत चालू राहतो.

यादी सांभाळणारा प्रोग्राम कोणता घ्यायचा? मेलमन हे नाव सर्वांत परिचित, पण त्याची जुनी दुसरी आवृत्ती पायथन 2 वर चालते आणि त्या भाषेची देखभाल 1 जानेवारी 2020 ला संपली. तिसरी आवृत्ती चांगली आहे, वेबवरून सगळं करता येतं; मात्र तिच्यासोबत डेटाबेस आणि बराच बारदाना येतो. सहाशे जणांच्या यादीला मी एमएलएमएमजे सुचवेन. सी भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम. पत्र आलं की जागा होतो आणि काम झालं की जातो. डेटाबेस नाही. प्रत्येक यादीचं एक फोल्डर, सभासदांचे पत्ते साध्या मजकुराच्या फायलींत, पत्त्याच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेले. लिनक्स कर्नेलच्या याद्याही आता मेजरडोमो या जुन्या प्रोग्रामवरून याच्यावर आल्या आहेत. त्यांना पुरतो म्हटल्यावर आपल्याला न पुरायला काय झालं!

सहाशे पत्त्यांपैकी काही दर महिन्याला मरतात. नोकरी बदलते, कंपनीचा पत्ता बंद होतो, कुणाची पेटी भरते. अशी पत्रं परत येतात आणि ती नेमकी कुणाची हे ओळखणं पूर्वी कटकटीचं होतं, कारण प्रत्येक सर्व्हर नकाराची चिठ्ठी आपापल्या ढंगात लिहितो, आणि पत्र तिसऱ्याच पत्त्यावर वळवलेलं असेल तर चिठ्ठीत सभासदाचं नावही नसतं. डॅन बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलमधून रूढ झालेली युक्ती अशी: पत्राच्या आतला मजकूर सगळ्यांना सारखाच, पण ‘मेल फ्रॉम’ म्हणताना दिलेला परतीचा पत्ता प्रत्येकासाठी वेगळा. सुहास नावाच्या सभासदाच्या प्रतीवर परतीचा पत्ता ‘माजी+बाउन्सेस-41-सुहास=उदाहरण.इन’ अशा वळणाचा असतो. पत्र परत आलं की ते कुठल्या पत्त्यावर आलं एवढंच बघायचं. 41 क्रमांकाचं पत्र सुहासला पोचलं नाही. आतली चिठ्ठी वाचायची गरजच नाही. असं वारंवार झालं की प्रोग्राम त्याचं नाव आपण होऊन काढतो.

दुसरं संकट सुट्टीवर गेलेल्या सभासदाचं. त्याच्या पेटीने ‘मी सोमवारपर्यंत नाही’ असं उत्तर यादीला धाडलं, यादीने ते सर्वांना वाटलं, त्यात त्यालाही दिलं, पेटीने पुन्हा उत्तर दिलं. हे चक्र तोडायला यादीच्या प्रत्येक पत्राच्या शीर्षभागात ‘हे यादीचं टपाल आहे’ अशी खूण असते आणि शहाणी पेटी ती पाहून गप्प बसते. माणसांना अशी खूण दिसत नाही. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच एका अंतर्गत यादीवर सुमारे 13,000 कर्मचारी होते. ‘मला या यादीतून काढा’ असं एकाने सर्वांना लिहिलं, मग ‘मलाही’ म्हणणारे, मग ‘सर्वांना उत्तर देऊ नका’ असं सर्वांना उत्तर देणारे. कंपनीच्या टपाल-सॉफ्टवेअरच्या चमूने नंतर सांगितलेला हिशेब दीड कोटी संदेशांचा होता. तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवावं: फक्त सभासदांनीच लिहायचं आणि नव्या सभासदाचं पहिलं पत्र संचालकाने पाहून सोडायचं.

एवढं झालं की यंत्र तयार होतं. चाचणीचं पत्र आपल्याच जीमेलला पाठवावं तर ते येत नाही, किंवा स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडतं. घोडं इथे अडतं. समोरचा सर्व्हर तुमचा प्रोसेसर विचारत नाही, तुम्ही कोण हे विचारतो.

घरगुती ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलता असतो. अशा पत्त्यांवरून थेट टपाल येणं अपेक्षितच नाही असं धरून स्पॅमहाउससारख्या संस्था त्यांच्या याद्या ठेवतात आणि जगभरचे सर्व्हर त्या याद्या पाहून दार लावतात. पुष्कळ कंपन्या घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारं 25 चं पोर्टच बंद ठेवतात. स्थिर पत्ता घेतला तरी त्याच्यावरून उलट शोध घेतल्यावर तुमच्या सर्व्हरचं नाव निघालं पाहिजे, आणि ती नोंद तुम्हाला करता येत नाही. जोडणी देणाऱ्या कंपनीलाच करावी लागते. त्यावर तीन दाखले. एसपीएफ सांगतं की या डोमेनचं टपाल कुठल्या यंत्रांवरून निघू शकतं. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर सही करतं, म्हणजे वाटेत मजकूर बदलला तर कळतं. डीमार्क सांगतं की या दोन्ही कसोट्या फसल्या तर पत्राचं काय करायचं.

हे तिसरं प्रकरण मेलिंग लिस्टच्या मुळावर उठलं होतं. सभासदाने याहूच्या पत्त्यावरून यादीला लिहिलं की यादी ते पत्र त्याच्याच नावाने, पण स्वतःच्या यंत्रावरून वाटते. वर विषयाच्या आधी यादीचं नाव आणि खाली तळटीप जोडली की सहीही मोडते. एप्रिल 2014 मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी जाहीर केलं की अशी पत्रं सरळ नाकारा. मग एका याहूवाल्याने लिहिलं की जीमेलवरच्या शेकडो सभासदांची पत्रं परत येऊ लागली, आणि परत आलेल्या पत्रांच्या हिशेबाने यादीचे प्रोग्राम त्या निरपराध सभासदांचीच नावं काढू लागले. तोडगा कुरूप निघाला: प्रेषकाच्या जागी यादीचाच पत्ता घालायचा आणि मूळ लेखकाचं नाव ‘अमुक, यादीमार्फत’ असं लिहायचं. मला तो आवडत नाही. पण आज त्याच्यावाचून चालत नाही.

आणि फेब्रुवारी 2024 पासून गूगल व याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गूगलच्या लेखी ‘मोठं’ म्हणजे दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर सुमारे 5,000 पत्रं. आपल्या यादीकडे पुन्हा बघा. सहाशेंतले पाचशे जीमेलवर असणं आपल्याकडे नवल नाही; 20 पत्रांच्या 10,000 प्रती झाल्या. माजी विद्यार्थ्यांची साधीशी यादी जाहिरात कंपन्यांच्या पंगतीत जाऊन बसते! तिन्ही दाखले सक्तीचे होतात आणि स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या खाली ठेवाव्या लागतात. यादीतून नाव काढण्याचा आळस म्हणून ‘स्पॅम’चं बटण दाबणारे दहा-वीस सभासद असले की हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. त्यावर एक जुना उपाय फार चांगला आहे: दिवसाची वीस पत्रं एकत्र बांधून रात्री एकच गठ्ठा पाठवायचा. 12,000 प्रतींच्या 600 होतात आणि सभासदही कुरकुरत नाहीत.

माझं मत विचाराल तर बाहेर जाणारं टपाल स्वतःच्या पत्त्यावरून पाठवण्याचा हट्ट धरू नये. यादी, सभासद, दप्तर, परत आलेल्या पत्रांचा हिशेब हे सगळं जुन्या यंत्रावर ठेवावं आणि शेवटची पोचवणी एखाद्या पत असलेल्या रिले सेवेकडे सोपवावी. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी एक ओळ आणि एक पासवर्ड लागतो. प्रतींमागे थोडे पैसे जातात, पण पत कमवायला लागणारे महिने वाचतात. परतीचे पत्ते ती सेवा जसेच्या तसे ठेवते की नाही हे मात्र आधी विचारून घ्यावं, नाहीतर सुहासची युक्ती वाया जाते.

राहता राहिलं यंत्र बंद पडण्याचं. ते कधीतरी पडणारच. बहुधा पॉवर सप्लाय जाईल. यादीचं फोल्डर रोज रात्री दुसऱ्या जागी उतरवून घ्यायचं. वर्षभराचं सगळं दप्तर 220 मेगाबाइटच्या आसपास भरतं, त्यामुळे सबब सांगायला जागा नाही. बंद यंत्रातली एसएसडी काढून त्याच लॉटमधल्या दुसऱ्या यंत्रात बसवली की मॉडेल एकच असल्यामुळे नेटवर्क कार्डाचं नावही सहसा तेच निघतं आणि कुठलीही फाइल न बदलता सर्व्हर उभा राहतो. स्क्रू-ड्रायव्हर हाताशी असेल तर अर्ध्या तासाचं काम. ते रविवारपर्यंत लांबलं तरी आकाश कोसळत नाही, कारण दार बंद दिसलं की पाठवणारे सर्व्हर पत्र आपल्या रांगेत ठेवतात आणि साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा येऊन बघतात.